शुगर-बीपी मागं लागायच्या आधी: मराठवाड्यातल्या घरासाठी खाण्या-फिरण्याचा हिशोब

आता आमच्याकडं कुठल्याही लग्नात पंगत बसायच्या आधी खिशातून गोळ्यांचं पाकीट निघतंय, एकाचं बघून दुसऱ्याचं निघतं, आणि मग तुमची कितीची, माझी पाचशेची, बीपीची पण सुरू झाली का, अशी चौकशी सुरू होते, पूर्वी पाऊसपाण्याची व्हायची तशी. वय बघावं तर चाळीस-बेचाळीस. आणि त्यात एक जण हमखास म्हणणार की आमचे आजोबा चार चार भाकरी हाणायचे, वर गूळ, वर तूप, त्यांना कुठं काय झालं?

खायचे ना. पण आजोबा दिवसभर औतामागं चालायचे, रान पायी, बाजार पायी, पाहुण्याचं गाव पायी. आता नांगरटीला ट्रॅक्टर, काढणीला मशीन, विहिरीवरची मोटर मोबाईलवरनं चालू होते, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरावर, जायचं तर गाडीला किक मारली की पाच मिनिटांत पोचला. भाकरी मात्र अजून तीनच्या खाली आलेली नाही, उलट तिच्या जोडीला चहा, बिस्किट, फरसाण आणि रात्रीचं हॉटेल वाढलंय. म्हणजे जेवण कष्टाचं राहिलं आणि कष्ट गेले, सगळा घोळ इथंच आहे. (आणि आजोबांची शुगर कुणी तपासली होती हा प्रश्न वेगळाच.) म्हणून उगं कुठला काढा, कुठल्या बिया, कुठली पावडर यामागं न लागता घरातलं सामान, ताट आणि पाय या तीन गोष्टींचा हिशोब कसा जमवायचा तेवढंच सांगतो.

आकडा एकच सांगतो म्हणजे पुढचं वाचायची इच्छा होईल. आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या मोठ्या सर्व्हेचे निकाल २०२३ ला आले, त्यात देशात १० कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आणि अजून १३ कोटींच्या वर लोक काठावर, म्हणजे प्रीडायबेटिस. ही काठावरची मंडळी महत्त्वाची, कारण त्यांना मागं फिरता येतं. चेन्नईच्या डॉक्टरांनी अशाच काठावरच्या लोकांवर अभ्यास केला, २००६ ला छापून आला. ज्यांना नुसतं नेहमीसारखं सोडून दिलं त्यातल्या १०० पैकी ५५ जणांना तीन वर्षांत डायबेटिस झाला, आणि ज्यांना खाणं सुधारायला, चालायला लावलं त्यात ३९ जणांना. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिलेल्यांचाही आकडा जवळपास तेवढाच, ४० च्या आसपास. म्हणजे ताट आणि पाय मिळून गोळीएवढं काम करतात, पण म्हणून शंभर टक्के गॅरंटी आहे असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडनं काही विकत घेऊ नका.

आधी मोजून घ्या

शिंप्याकडची टेप घ्या, नसली तर दोरी लावा आणि दोरी पट्टीवर मोजा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० सेंटीमीटरच्या वर गेलं की धोका धरतात. पँटचा नंबर चौतीस आहे म्हणून खूश होऊ नका, आपल्याकडच्या पुरुषांची पँट पोटाच्या खाली उतरलेली असते, ती कंबर नाहीच.

आणि हडकुळ्या माणसानं तर जास्त लक्ष द्यावं. हात-पाय काडीसारखे, वजन पासष्ट, पण बनियन काढला की पोट पुढं, असे लोक आपल्यात लई. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं हेच दाखवून दिलंय की आपली माणसं दिसायला बारीक असली तरी अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, आणि ते जन्मापासूनच. तेव्हा "मी कुठं जाड आहे" हे उत्तर चालत नाही.

मग तपासण्या. तिशी ओलांडली की बीपी आणि शुगर दरवर्षी तपासायची. गावातल्या उपकेंद्रावर, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथं तीस वर्षांवरच्या माणसांची बीपी-शुगरची तपासणी फुकट होते, आशाताई फॉर्म भरायला घरी येतात तेव्हा त्यांना "आम्हाला काही नाही" म्हणून परत पाठवू नका. उपाशीपोटीची शुगर १०० च्या आत हवी, १०० ते १२५ काठावर, १२६ आणि वर गेली तर परत तपासून डायबेटिस धरतात. एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, ती ५.७ च्या आत ठीक, ६.५ आणि वर डायबेटिस, मधलं काठावर. बीपी १२०/८० च्या आसपास चांगलं, १४०/९० च्या वर दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी आलं तर डॉक्टर गाठायचा. उपाशीपोटी म्हणजे चहा पण नाही हो! अर्धा कप चहा घेऊन येतात आणि म्हणतात काहीच खाल्लं नाही. आणि बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं गुमान बसा, जिना चढून धापा टाकत हात पुढं केला तर आकडा चढलेलाच येणार.

किराण्याची यादी काढा

डाएट चार्ट वगैरे नंतर. महिन्याचा किराणा भरता त्याची यादी घ्या आणि तीनच ओळी बघा: साखर, तेल, मीठ. घरात चार माणसं धरू.

साखर. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, म्हणते रोजची वरची साखर माणशी २५ ग्रॅमपर्यंत राहिली तर चांगलं. चार माणसं, तीस दिवस, झाली ३ किलो. तुमच्या यादीत ५ किलो असेल तर माणशी ४० ग्रॅमच्या वर चाललीय, बिस्किटं, जिलेबी, बाटलीतलं थंड यातली साखर यात धरलेलीच नाही. गूळ वापरतो आम्ही, असं म्हणणाऱ्यांनी गूळ पण यातच मोजायचा. गूळ म्हणजे बहुतांश साखरच, रंगानं फसू नका.

तेल. माणशी २५ ग्रॅमच्या आसपास म्हटलं तर चार जणांना महिन्याला ३ किलो, म्हणजे सव्वातीन लिटर. पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर दीडपट चाललंय. आपल्याकडं पंधरा किलोचा डबा आणायची पद्धत, त्यात डबा उघडा असला की हात सैल सुटतो, पळीला हिशोब राहत नाही. डबा आणा, काही हरकत नाही, पण महिन्याचं तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवा आणि स्वयंपाकघरात तीच बरणी दिसू द्या, संपली तर संपली. घाण्याचं करडईचं तेल चांगलंच, पण चांगलं आहे म्हणून जास्त ओतलं तर पोट त्यानंही वाढतं, ग्रॅमला ९ कॅलरी सगळ्याच तेलाला. आणि बुंदी-पुऱ्या तळलेलं तेल दुसऱ्या दिवशी भाजीला, तिसऱ्या दिवशी परत भज्याला, हे बंद करा.

मीठ माणशी ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा सपाट. चार जणांना महिन्याला ६०० ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा दीड महिन्याच्या वर जायला पाहिजे. आपल्याकडं ठेचा, लोणचं, पापड, कुरडया, खारे दाणे हे सगळं मिठावरच उभं आहे, शिवाय भाकरीच्या पिठात मीठ, भाजीत मीठ आणि ताटात कडेला परत मीठ. ताटातलं मीठ आधी उचला, त्याची काही गरज नाही. सैंधव घेतलं म्हणून बीपी उतरत नाही, सोडियम त्यातही तेवढंच.

आता चहा. चहा हा मराठवाड्यातला सगळ्यात मोठा साखरेचा रस्ता आहे असं माझं ठाम मत आहे, मिठाई बिचारी उगं बदनाम. आमच्या मोठ्या आईच्या हातचा चहा एकदा मुद्दाम मोजला. ती डब्यात हात घालून साखर घेते, चमचा वगैरे भानगड नाही, किती टाकलीस विचारलं तर "टाकली की जराशी". ती जराशी पातेल्यात पडायच्या आधी वाटीत घेतली आणि सपाट चमच्यानं मोजली तर चार कपाला दहा चमचे भरले. तिचा तिलाच विश्वास बसेना, म्हणाली चमचा बारका असंल तुझा. आता माणूस दिवसात सकाळचा, नंतर शेजारचा, बाजारातला, दुपारचा झोपेतनं उठल्यावरचा आणि पाहुणा आला म्हणून असे पाच कप पितो, कपाला अडीच चमचे म्हटले तर साडेबारा चमचे, चमचाभर म्हणजे चार-पाच ग्रॅम, पन्नास ग्रॅमच्या वर गेलं सगळं नुसत्या चहात.

एकदम बिनसाखरेचा चहा सुरू करू नका, दोन दिवसांत मोडतो. अडीचचे दोन करा, पंधरा दिवस. मग दीड. मग एक. जीभ बदलते, महिना-दोन महिन्यांनी जुना चहा तुम्हालाच गोडमिट्ट पाकासारखा लागेल. कपांची संख्या पण कमी करा, पण एक गोष्ट सांगतो, दुसऱ्याच्या घरी चहा नको म्हणणं आपल्याकडं जड जातं, तेव्हा नको म्हणण्यापेक्षा "बिनसाखरेचा टाका" म्हणा, त्यात यजमानाचा मान पण राहतो आणि बऱ्याचदा वेगळं पातेलं ठेवायचा कंटाळा म्हणून चहाच टळतो.

थंड बाटलीचं एकच वाक्य: २०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅमच्या आसपास साखर असते. रसवंतीचा ग्लास, मोसंबीचा ज्यूस, हे पण त्याच रांगेत. जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, केसर आंबा, सगळं खा, पण फळ फोडून चावून खा आणि एका वेळी एक. आमरसाच्या वाट्यांवर वाट्या म्हणजे फळ खाणं नाही.

ताट कसं वाढायचं

घरातलं स्टीलचं ताट डोळ्यासमोर आणा. अर्ध्या ताटात माळवं, म्हणजे भाजी, पालेभाजी, काकडी, कांदा, मुळा. पावभागात डाळ, उसळ, अंडं, मटकी, मासळी असलं काही. उरलेल्या पावभागात भाकरी किंवा भात. आपल्याकडं हे बरोबर उलटं असतं, भाकरीची चळत, कडेला पाण्यासारखं वरण आणि चमचाभर भाजी तोंडी लावायला. "तोंडी लावणं" म्हणूनच भाजी संपते, पोट भाकरीनं भरतं.

ज्वारीबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण यात लई गैरसमज चाललेत. ज्वारी चांगलीच, आपलं धान्य आहे, रब्बीची मालदांडी असो की जालन्याची दगडी, चवीला तोड नाही. पण ज्वारी म्हणजे शुगरचं औषध नाही. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ३३० च्या आसपास कॅलरी असतात, गव्हाच्या कणकेतही साधारण तेवढ्याच. भाकरीचा खरा फायदा वेगळा आहे, तिला तेल लागत नाही, मैदा मिसळता येत नाही, आणि ती चावून चावून हळू खावी लागते त्यामुळं पोट भरल्याचं वेळेवर कळतं. हॉटेलात रोटी बटर लावून चार मिनिटांत आत जाते. पण म्हणून "ज्वारीच खातो" म्हणत तीन जाडजूड भाकरी खाल्ल्या, एकेक ८० ग्रॅम पिठाची, तर ८०० कॅलरी झाल्या की नुसत्या भाकरीच्या. एकदा पीठ वजनकाट्यावर टाकून बघाच, घरात नसला तर दुकानदाराकडं. बसून काम असणाऱ्या माणसाला एका वेळी दीड भाकरी, मध्यम, पुष्कळ झाली. खुरपायला, मोळ्या उचलायला, ऊस तोडायला जाणाऱ्या माणसाला हा नियम लावू नका, त्याला तीन लागतील, त्याला वरणच वाढवून द्या.

पीठ बारीक चाळून कोंडा फेकू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेसोबत काढलेलं परभणी शक्ती नावाचं ज्वारीचं वाण आहे, २०१८ चं, त्यात लोह आणि झिंक जास्त आहे. बियाणं मिळालं तर घरापुरतं जरूर पेरा, बायका-पोरींच्या अंगात रक्त कमी असतं त्यांना उपयोग, पण शुगर त्यानं उतरेल अशी अपेक्षा नको.

खायचा क्रम बदला, याला पैसा लागत नाही. आधी काकडी-कांदा आणि भाजी, मग उसळ-वरण, आणि भाकरी-भात शेवटी. जेवणानंतरची शुगर यानं कमी उसळते. सुरुवातीला कोरडी भाजी भाकरीशिवाय खाणं म्हणजे येडेपणा वाटतो, वाटू द्या.

माळवं कुठून आणायचं, उन्हाळ्यात मेथीची जुडी परवडत नाही, हे पण खरंय. एप्रिल-मे मध्ये आठवडी बाजारात गेलं तर अर्ध्या पाट्या रिकाम्या. त्या दिवसांत दोडका, भोपळा, गवार, काकडी यावर चालवा, आणि मोड आलेली मटकी-मूग बारा महिने कुठंच जात नाही. पावसाळा-हिवाळ्यात मात्र रानात फुकट उभं आहे ते तरी सोडू नका. तांदुळजा, घोळ, पाथरी, करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा शेंडा, अंबाडी. आमच्या आया रानातून येताना ओट्यात भाजी खुडून आणायच्या, आता तणनाशकाच्या फवाऱ्यानं ती पण जळते आणि खुडायला कुणाला येत पण नाही. फवारलेल्या रानातली मात्र खुडू नका.

तर्री कमी करायची तर येसराची आमटी करा. भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा दाटपणा तिला असतोच, वर बोटभर तेल तरंगलं नाही तरी ती लागते भारी. पिठलं पण तसंच, एका चमच्यात होतं. सकाळी सुशीला, म्हणजे मुरमुऱ्याचा पोह्यासारखा नाश्ता, करणार असाल तर मुरमुरे निम्मे आणि त्यात कांदा, वाटाणा, मोड आलेली मटकी निम्मी, नुसत्या मुरमुऱ्यानं तासाभरात परत भूक लागते आणि मग फरसाणाचा डबा उघडतो.

एक गंमत बघा, लातूर-नांदेडकडं घराघरात सोयाबीनची पोती लागलेली असतात आणि घरात कुणी सोयाबीनचा दाणा खात नाही. दळणात दहा किलोला एक किलो टाका, पण कच्चं दळू नका, भिजवून, वीस-पंचवीस मिनिटं उकळून, वाळवून मगच. कच्चं पचत नाही.

एकादशी, सप्ताह आणि पंगत

एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच लोकांनी केलीय म्हणजे अनुभवाचीच असणार. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात शेंगदाण्याचा कूट, तूप आणि बटाटा, वर तळलेले वेफर्स, रोजच्या जेवणापेक्षा जड झालं ते. उपवास करायचाच तर भगर थोडी, राजगिरा, ताक, काकडी, एखादं फळ, मूठभर भाजलेल्या शेंगा. श्रावणात तर सोमवार, शनिवार, एकादशी असं करत करत आठवड्यात तीन दिवस साबुदाणा होतो, तिथं जरा आवरा.

सप्ताहाच्या पंगतीत खरी परीक्षा. शेवटच्या दिवशी काल्याची पंगत, बुंदी आणि पुरी, पत्रावळीवर वरण भाताच्या आळ्यात, आणि वाढणारा पोरगा बादली घेऊन समोर उभा.

"घ्या हो काका, प्रसादाय."

"घेतली बाबा, ही काय."

"ती चिमूटभर? असं कसं, प्रसादाला नाही म्हणायचं असतंय व्हय!"

आणि तुम्ही हात आडवा करेपर्यंत मुठीनं बुंदी पडलेली. याच्यावर माझा उपाय असा की पहिल्यांदा वाढायला येतो तेव्हाच अगदी थोडी मागून घ्यायची, आणि ती शेवटपर्यंत पत्रावळीवर ठेवायची. बुंदी दिसत राहिली की वाढपी पुढं सरकतो, पत्रावळ रिकामी दिसली की तो मरेपर्यंत सोडत नाही. वरण-भाजी दुसऱ्यांदा मागा, वाढणाऱ्याला काहीतरी वाढल्याचं समाधान लागतं. लग्नसराईत आठवड्यात चार पंगती आल्या तर दोन ठिकाणी आहेर देऊन, भेटून, न जेवता यायची हिंमत करा. रुसतात पाहुणे, पण चार दिवसांत विसरतात.

तंबाखूचं या लेखात जास्त लिहीत नाही, पण शुगर-बीपीवाल्यानं तंबाखू चघळणं म्हणजे हार्ट अटॅकला पत्ता देणं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि कुठल्या टपरीवर मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. बायकांची मिश्री पण तंबाखूच.

पाय हलवायचे कसे

आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे रोज तीस मिनिटं करून पाच दिवस. चाल अशी की सोबतच्याशी बोलता येईल पण अभंग म्हणता येणार नाही. इतकं दमलं की ठीक. गप्पा मारत, मध्ये पानटपरीला थांबत, फोनवर बोलत केलेलं फिरणं म्हणजे फिरणं नव्हे, ते गावात चक्कर मारणं.

पण आपल्याकडं ऊन. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा सकाळी सहाच्या आत निघा आणि सातच्या आत घरी या, किंवा सूर्य बुडाल्यावर. हायवेच्या कडेनं फिरू नका, उसाच्या ट्रॉल्या आणि अंधार, जिवावरचं काम आहे ते. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान सगळ्यात बरं, आणि कुत्र्यांसाठी हातात काठी. बायकांना एकट्यानं फिरायला नको वाटतं, लोक बघतात, सासू विचारते आता कुठं चाललीस. चौघी-पाचजणींनी ठरवून निघा, पाचजणी निघाल्या की त्याला कुणी काही म्हणत नाही. "आम्ही दिवसभर घरात राबतोच की" हे निम्मं खरं आहे, राबणं होतं पण बऱ्याचदा बसून, निवडणं, चिरणं, भाकरी थापणं, त्यात दम लागत नाही. डोक्यावर पाणी आणणारीला वेगळं चालायची गरज नाही, नळ घरात आला त्या बाईला आहे.

शेतकरी दादांना पण हेच. रानात असतो म्हणता, पण बांधावर उभं राहून ठिबक बघणं हे काम आहे, व्यायाम नाही. आखाड्यापर्यंतची दीड-दोन किलोमीटरची वाट एका बाजूनं तरी पायी करा, झालं तुमचं.

आणि एकदम तीस मिनिटं जमत नसेल तर जेवण झाल्यावर दहा मिनिटं, दोन्ही वेळा. शुगरसाठी जेवणानंतरचं हे छोटं चालणं लई कामाचं, स्नायू रक्तातली साखर तेव्हाच ओढून घेतात. आपण काय करतो, रात्री साडेनऊला जेवतो आणि ताट उचलायच्या आधी सीरियल नाहीतर मोबाईल. जेवण आठच्या आत आणा, मग ओसरीपासून मारुतीच्या देवळापर्यंत दोन फेऱ्या.

नुसतं चालून भागत नाही, आठवड्यातनं दोन दिवस ताकदीचं पण पाहिजे, कारण साखर साठवायचं कोठार म्हणजे स्नायू, आणि चाळिशीनंतर ते झिजायला लागतात. जिमची फी नको. आपल्या तालमीतल्या जोर-बैठका आहेत ना. गुडघे कुरकुर करत असतील तर खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकवता उठायचं, दहा वेळा, थोडं थांबून परत दहा. भिंतीला हात लावून जोर. पाच लिटरचा पाण्याचा कॅन दोन्ही हातात घेऊन अंगणात फेऱ्या. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तमच, पण पहिल्याच दिवशी पंचवीस घालून कंबर धरून बसू नका.

दुकानात, बँकेत, ऑफिसात बसणाऱ्यांनी अर्ध्या तासाला उठायचं, पाणी स्वतः आणायचं. लातूरला क्लासला पोरं ठेवलेल्या आई-बापांनी पण ऐका, पोरगं दिवसाचे बारा बारा तास बसलेलं, मेसचं तेलकट, मधल्या सुट्टीत वडापाव, रात्री जागायला चहा. नीट परीक्षेचा स्कोअर येईल, पण संध्याकाळी अर्धा तास मैदानावर सोडलं तर तो काही कमी होणार नाही.

गोळ्या सुरू असतील तर

हे सगळं तुम्हाला पण लागू आहे, फक्त एकदम खाणं तोडू नका. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना उपवास धरला, भाकरी निम्म्यावर आणली आणि वर पाच किलोमीटर चालला तर शुगर खाली पडते. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यापुढं अंधारी, असं झालं की लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची, इथं बिनसाखरेचा नियम लावायचा नाही. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर परत तेवढीच, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न ओतता सरळ दवाखाना. खाणं बदलणार असाल तर आधी डॉक्टरला सांगा, डोस त्याला कमी करावा लागेल. किडनीचा त्रास असेल तर डाळ-उसळ किती खायची ते पण विचारूनच. चालताना छातीत दाबल्यासारखं झालं, डावा हात किंवा जबडा दुखला तर "गॅस असंल" म्हणून सोडा पिऊन झोपू नका, त्यापायी गेलेली माणसं प्रत्येक गावात आहेत.

गोळी मनानं बंद करू नका. शुगर नॉर्मल आली म्हणून गोळी सोडली आणि सहा महिन्यांनी पायाची जखम घेऊन आले, हे दर गावात एक तरी आहे. रिपोर्ट चांगला आला तो गोळीसकट आला, कमी करायची का ते डॉक्टर ठरवेल.

तीन महिन्यांनी परत मोजा. एचबीए१सी दर आठवड्याला करून काही कळत नाही, ती दोन-तीन महिन्यांचीच सरासरी असते, पैसे वाया. कंबर मात्र महिन्याला मोजा, त्याच जागी, त्याच टेपनं. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही तरी पट्टा एक भोक आत जातो बऱ्याच जणांचा. वजन जास्त असेल तर ऐंशी किलोच्या माणसानं चार-पाच किलो कमी केलं तरी शुगर-बीपीवर फरक दिसतो, वीस किलोच्या मागं लागायची गरज नाही. आणि तीन महिने इमानदारीनं सगळं करूनही आकडा खाली आला नाही, असंही होतं, आई-बाप दोघांना शुगर असेल तर जास्तच, मग डॉक्टर गोळी लिहून देईल ती घ्यायची आणि चालणं तसंच चालू ठेवायचं.